अनारसा का हसतो? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आजीच्या वहीत अनारशांची कृती दोनच ओळींत आहे : 'तांदूळ तीन दिवस भिजवावे. कुटून त्यात गूळ पुरेल तेवढा, तूप चमचाभर.' मी अर्धा किलो तांदळाला अर्धा किलो गूळ घेतला. तुपात सोडल्याबरोबर अनारसा हसला, सगळ्या कढईभर पसरला. 'पुरेल तेवढा' म्हणजे नेमका किती?

उत्तर : वहीत आकडा नाही, कारण गुळाचं माप पिठाच्या ओलीवर ठरतं आणि ती ओल दर खेपेला वेगळी असते. अनारसा बिघडतो तो बहुतेक वेळा कढईत नव्हे, तांदूळ पंचावर पसरलेले असतात तेव्हाच.

जुना, जाडा तांदूळ घ्या. तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर आंबूस वास पिठात उतरतो आणि तो तळूनही जात नाही. चौथ्या दिवशी रोळीत उपसून पाणी पूर्ण निथळू द्या आणि सावलीत सुती पंचावर अर्धा ते पाऊण तास पसरा. उन्हात अजिबात नको. दाणा हाताला गार लागला पाहिजे, पण तळवा ओला होता कामा नये. लगेच थोडे थोडे करून मिक्सरवर दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला, तर ओल बरोबर आहे.

अर्धा किलो तांदळाला (वजन भिजवण्यापूर्वीचं) ४०० ग्रॅम गुळापासून सुरुवात करा. गूळ साधा, मऊ घ्या; चिक्कीचा नको. तो बारीक किसून, दोन चमचे तूप घालून पिठात नीट मळा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मिश्रण आधी कोरडं, भुगभुगीत वाटेल आणि घाबरून दूध घालावंसं वाटेल, घालू नका. गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि दोन दिवसांत तेच पीठ सैल होतं. तुमच्या पिठात ओल जास्त राहिली असावी आणि गूळही भरपूर होता. गरम तुपात गूळ वितळतो. त्याला धरून ठेवायला पीठ पुरलं नाही की अनारसा हसतो.

मुटके करून घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवा. रोज एकदा खालचे वर करा.

आणि एक काम न विसरता करा : चाळलेल्या पिठातलं मूठभर पीठ गूळ न घालता बाजूला वाळवून ठेवा. पहिला अनारसा हसला तर तेवढ्याच गोळ्यात यातलं एक-दोन चमचे मळायचं आणि पुन्हा एक तळून बघायचा. हसलेलं पीठ टाकून देऊ नका, ते जवळजवळ नेहमी सुधारतं. बाजारच्या कोरड्या तांदूळ-पिठाने मात्र ते काम तितकं चांगलं होत नाही. चव आणि जाळी दोन्ही उतरतात.

प्रश्न : माझे अनारसे हसत नाहीत, पण कडक होतात आणि जाळीही पडत नाही. तळताना उलटायचे का?

उत्तर : उलटायचे नाहीत. केळीच्या पानावर किंवा जाड प्लास्टिकवर खसखस पसरा, तीवर सुपारीएवढी गोळी ठेवून बोटांनी थापा. कडेपेक्षा मध्यभागी थोडं पातळ ठेवा. खसखशीची बाजू वर करून तुपात सोडा. उलटला तर खसखस करपते आणि तुपात गळून पुढचे सगळे काळे करते. वरची बाजू झाऱ्याने तूप उडवून शिजवायची.

आच मध्यमपेक्षा थोडी कमी हवी. तूप फार तापलं तर गूळ करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं. फार निवलं तर चांगल्या पिठाचाही अनारसा पसरतो. एका वेळी एक किंवा दोनच सोडा. जास्त सोडले की तूप निवतं. बदामी रंग आला की काढून चाळणीत उभे लावा. आडवे रचले तर तूप आतच राहतं.

कडकपणाचं कारण पीठच आहे. तांदूळ जास्त वाळले किंवा गूळ कमी पडला. तळायच्या वेळी हाताएवढ्या गोळ्यात चमचाभर कुस्करलेलं पिकलं केळं मळा. केळ्याने ओल आणि गोडी दोन्ही मिळतात. नुसतं दूध घालायचं तर थेंबाथेंबाने. चमचा ओतलात तर अनारसा हसेल. केळं किंवा दूध घातलेलं पीठ त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आहे. पीठ किती आधी करावं?

उत्तर : आठ दिवस आधी. अर्धा किलो तांदळात तेहतीस सहज होतात, नमुन्याचे बिघडले तरी. पीठ फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं; तळायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवा. गार पीठ थापताना कडेला चिरतं आणि तुपात तिथूनच फुटतं.