डिलीट : काढा, हटवा की वगळा?

प्रश्न असा आहे : मॅकवरच्या एका ॲप्लिकेशनला स्क्रिप्ट लिहून आज्ञा देता येतात. त्याची मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. त्यातल्या 'डिलीट' या आज्ञेला 'काढा' म्हणावं की 'हटवा'?

नुसतं 'काढा' नको. मराठीत चित्र काढतात, प्रिंट काढतात, बँकेतून पैसे काढतात. 'चित्र काढा' वाचून ते रेखाटायचं की घालवायचं? कचेरीत 'ती फाइल काढ' म्हटलं की फाइल कपाटातून टेबलावर येते, म्हणजे अगदी उलट. 'काढून टाका' म्हटलं तर हा घोळ उरत नाही.

पण क्रियापद ठरवण्याआधी ही आज्ञा करते काय ते बघायला हवं. मॅकवर अशा स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात ती ॲपलस्क्रिप्ट १९९३ पासून आहे आणि तीत वस्तू (गाणं, यादी, फाइल, काहीही) कधी सुटी नसते. ती कशाततरी असते. 'डिलीट ट्रॅक ३ ऑफ प्लेलिस्ट अमुक' असं लिहिलं की यादीतलं तिसरं गाणं जातं. म्युझिक ॲपमध्ये आपण केलेल्या यादीवर हे चालवलं तर गाणं संग्रहात जसंच्या तसं राहतं, फक्त त्या यादीत दिसत नाही. आतून कोको, म्हणजे मॅकची ॲप्लिकेशनं ज्या पायावर बांधतात ती प्रणालीही तेच करते : वस्तू जिच्यात आहे तिलाच सांगते, 'अमुक क्रमांकाची तुझ्यातून कमी कर'. हे काम करणाऱ्या मेथडच्या (प्रोग्रॅममधल्या कृतीच्या) नावातच 'रिमूव्ह' आणि 'फ्रॉम' आहेत. हा 'फ्रॉम' म्हणजे आपला '-तून'. मराठीत '-तून' सहज पेलणारं क्रियापद आहे 'वगळणे' : मतदार यादीतून नाव वगळलं, माणूस आहे तिथेच आहे. म्हणून माझं मत 'वगळा'ला.

मात्र फाइंडरसाठी, म्हणजे मॅकवर फाइली हाताळणाऱ्या ॲपसाठी, मी 'हटवा'च ठेवीन. तिथे 'डिलीट' म्हटलं की फाइल कचरापेटीत जाते, नष्ट होत नाही. पेटी रिकामी करण्याची आज्ञा निराळी आहे. अतिक्रमण हटवतात तेव्हा हातगाडी जागेवरून जाते, नाहीशी होत नाही. शब्द चपखल बसतो, शिवाय मोबाइलमुळे रुळलेलाही आहे. कायमचं जाणार असेल तिथे 'पुसा', पाटी पुसतात तसं. 'मिटवा' टाळावं, मराठीत भांडण मिटवतात, डोळे मिटतात, पण मजकूर मिटवणं हे हिंदीच्या वळणाचं आहे.

क्रमवाचकांबद्दल एक वाक्य पुस्तिकेत जरूर घाला. 'तिसरं वगळा, मग पाचवं वगळा' अशा दोन ओळी लिहिल्या तर दुसऱ्या ओळीत मूळचं सहावं जातं, कारण तिसरं गेल्यावर मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. तेव्हा लिहावं : 'यादीतून अनेक नोंदी वगळायच्या असतील तर शेवटाकडून सुरुवात करा.'