वडिलांच्या फ्लॅटला धाकट्या भावाचं नॉमिनेशन आहे, मृत्युपत्र नाही. फ्लॅट एकट्या भावाचाच होतो का?

नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्रातली सोसायटी त्याला फक्त तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसांचीच राहते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं.

तुम्ही हिंदू असाल आणि फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा असेल, तर आई, तुम्ही, भाऊ, बहीण, सगळ्यांना समान वाटा. लग्न झालेल्या बहिणीलाही. आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तिलाही, हे बरेच जण विसरतात!

भावाच्या नावे करायचाच असेल तर बाकीच्या वारसांनी आपला वाटा सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. पण आईला कृपा करून घाईत सही करायला लावू नका. आणि तिचं मृत्युपत्र आत्ताच करा: साधा कागद चालतो, दोन साक्षीदार मात्र हवेतच.