पोरीला नर्सिंगला बेंगळूरला घालू का? त्याआधी ती पॉलिसी बघू

निपाणी भागातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. साखर कारखान्यात नोकरी, महिना २४ हजार हातात, दीड एकर ऊस. मुलगी यंदा पीयुसी (बारावी) सायन्स पास झाली, तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय. बेळगावचं एक कॉलेज फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला १ लाख ४० हजार सांगतंय, बेंगळूरचं एक २ लाख ३० हजार. बेंगळूरची सीट करून देणारा एजंट म्हणतो, तिथनं बाहेर पडली की ४० हजार पगार, मग दोन वर्षांत जर्मनी, आणि जमिनीवर लोनसुद्धा तोच करून देणार. प्रश्न एवढाच की "सर, कर्ज थोडं जास्त झालं तरी बेंगळूरच बरं ना?"

आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, "शिक्षणासाठी २०२१ ला पॉलिसी काढलीय, वर्षाला ६० हजार, त्यामुळं तशी काळजी नाही. गेल्या ऑक्टोबरचा हप्ता आणि सीट बुकिंगचे २५ हजार भरायला एकाकडून १ लाख घेतलेत, २ टक्क्यानं."

दादा, मला खरी काळजी या शेवटच्या दोन वाक्यांची वाटली.

पण आधी तुमच्या प्रश्नाचं बोलू, ते लवकर उरकतं. बेंगळूरचे चार वर्षांचे ९ लाख २० हजार. एज्युकेशन लोन साडेदहा टक्क्यानं धरलं तर शिकतानाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष व्याज चढत राहतं, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी साडेबारा लाख झालेले असतात आणि दहा वर्षांसाठी महिना १७ हजार हप्ता बसतो. नवीन पास झालेल्या नर्सला बेंगळूरच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात २० ते २५ हजार मिळतात हो, ४० नाही. २०१६ साली केंद्राच्या समितीनं लहानात लहान हॉस्पिटलनंही २० हजाराच्या खाली देऊ नये असं सुचवलं होतं, आपल्या भागातली कितीतरी हॉस्पिटलं अजून त्याच्याही खालीच देतात. २२ हजारातनं १७ हजार हप्ता गेल्यावर पीजीचं भाडं आणि जेवण कशातनं करणार ती पोर? म्हणजे हप्ता तुम्ही भरणार, कारखान्याच्या पगारातनं, वयाच्या साठीपर्यंत. शिवाय साडेसात लाखाच्या वर कर्ज गेलं की बँक तारण मागते, म्हणून तर तो एजंट जमिनीचं बोलतोय.

आणि हे सगळं कशासाठी, तर तुम्हीच लिहिलंय की दोन्ही कॉलेजं राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची आहेत. मग डिग्रीच्या कागदावर नाव एकच की! एम्सच्या नॉरसेट परीक्षेतनं नर्सिंग ऑफिसर झाली तर मूळ पगारच ४४,९०० आहे, आणि तिथं कॉलेज बेंगळूरचं का बेळगावचं हे कुणी विचारत नाही. परीक्षा अवघड आहे, पण दोन्हीकडच्या पोरींना सारखीच अवघड आहे. फरक कशानं पडतो, तर कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, किमान १०० खाटांचं, आणि त्या खाटांवर पेशंट असतात का. नुसतं "दुसऱ्या हॉस्पिटलशी टायअप आहे" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्वतः जाऊन वॉर्डात उभे राहा, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा की डिलिव्हरी केसेस बघायला मिळतात का.

जर्मनीचं म्हणाल तर तिथं नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू लेव्हलची जर्मन भाषा लागते, ती इथल्या डिग्रीनंतर वेगळी शिकावी लागते, आणि त्याला कुठल्या कॉलेजातनं पास झाली याचा संबंध नाही. ट्रिपल विन नावाच्या सरकारी योजनेत तर नर्सकडनं भरतीचे पैसेच घेत नाहीत. बेळगावातनं पास झालेली पोरगी पण जर्मनीला जाऊ शकते, त्यासाठी आत्ता ९ लाख घालायची गरज नाही.

आता ती पॉलिसी. १५ वर्षांची आहे, २०३६ ला १४ लाख मिळणार असं तुम्हाला सांगितलंय. मुलगी पास होणार २०३० ला. म्हणजे "शिक्षणाची" पॉलिसी शिक्षण संपल्यावर सहा वर्षांनी पैसे देणार! ज्यानं ती गळ्यात मारली त्याला मुलीचं वय माहीत होतं, तेव्हा ती आठवीत होती, चार-पाच वर्षांत पैसे लागणार हे त्याला दिसत नव्हतं का? राग येतो अशा गोष्टींचा. १५ हप्ते म्हणजे ९ लाख भरून १४ लाख, हे वर्षाला साडेपाच टक्के सुद्धा पडत नाहीत. आणि तो हप्ता भरायला तुम्ही महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के व्याजानं पैसे उचललेत. १ लाखावर वर्षाला २४ हजार नुसतं व्याज, तुमचा एका महिन्याचा अख्खा पगार.

आणखी एक, पॉलिसीत विमा किती, तर ८ लाख. घरात कमावणारे तुम्ही एकटे, उद्या तुम्हाला काही झालं तर ८ लाखात फी, घर आणि कर्ज कसं बसणार?

माझ्या मते ही पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच बंद करून मिळतील ते पैसे घ्या. ३ लाख भरलेत, पाचव्या वर्षी भरलेल्याच्या निम्मे आणि वर थोडा बोनस, म्हणजे दीड-पावणेदोन लाख हातात येतील, नक्की आकडा ब्रँचमधनं लेखी घ्या. सव्वा ते दीड लाखाचं नुकसान दिसतंय, जीव तुटेल, पण पेडअप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर पैसा २०३६ पर्यंत अडकून राहतो आणि तिकडं सावकाराचं व्याज चालूच. मात्र सरेंडरच्या आधी ५० लाखाचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, घ्या, तब्येत बरी असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला १०-१२ हजारात बसेल. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा, जास्त पडले तरी चालतील, खोटं लिहिलं तर क्लेमच्या वेळी घरच्यांचे हाल होतात.

आता बघा काय होतं. सरेंडरच्या पैशातनं १ लाख सावकाराचे मिटले, ६० हजार उरले. दरवर्षीच्या ६० हजारातनं टर्मचा हप्ता वजा जाता ५० हजाराच्या आसपास फीला लागले. बेळगावच्या ५ लाख ६० हजारातले अडीच-पावणेतीन लाख असे निघाले, बाकी ३ लाखाचं एज्युकेशन लोन. ४ लाखाच्या आतल्या कर्जाला तारण नाही, मार्जिन म्हणजे आपल्या पदरचा वाटाही नाही. हप्ता साडेपाच हजाराच्या आसपास, आणि तो मुलगी स्वतःच्या पगारातनं भरू शकते. शिकताना तुम्ही महिन्याचं व्याज भरत गेलात तर अजून कमी.

केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) सीट वाटपात नाव आहे का तेही बघा, सरकारी सीट लागली तर फी बरीच कमी होते आणि हे कर्जसुद्धा एवढं लागणार नाही. सीईटी दिली असेल तर एजंटकडं जायच्या आधी हेच करायला हवं होतं.

ऑक्टोबरचा हप्ता यायच्या आत हे उरका. सावकाराला पैसे देताना दोन माणसं सोबत न्या, पोचपावती घ्या, कोरा चेक दिला असेल तर त्याच वेळी परत घ्या. एजंटकडं ओरिजिनल मार्क्सकार्ड ठेवलीत असं लिहिलंय, ती याच आठवड्यात जाऊन आणा. २५ हजार मागून बघा, नाही मिळाले तर सोडून द्या, मार्क्सकार्डं मात्र हातात घेतल्याशिवाय उठू नका.