अर्थशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र घेऊ द्या

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए.ला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र. मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय म्हणून तिला समाजशास्त्र हवंय. नातेवाईक म्हणतात, ‘गाइड वाचून पास व्हायचा विषय तो, घेऊन काय उपयोग?’ वडील विचारतात, काय करावं?

नमस्कार,

तिला समाजशास्त्र जरूर घेऊ द्या. अर्थशास्त्राला इतकी चांगली जोड क्वचितच मिळते.

तुमच्याच भागातलं पाहा. हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. टनाला दर किती, उचल किती फिटली, हा हिशेब अर्थशास्त्राची विद्यार्थिनी मांडेल. पण बरोबरीने राबणाऱ्या बाईच्या हातात वेगळी मजुरी का पडत नाही? थोरली मुलगी शाळा सोडून फडावर धाकट्याला का सांभाळते? उचल अंगावर राहिली की पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडे का जावं लागतं? हे विचारायची सवय समाजशास्त्र लावतं. ग्रामविकास, सर्वेक्षण, सामाजिक संस्था, सगळीकडे अशी माणसं लागतात.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. नुसत्या मायनरवर समाजशास्त्राची प्राध्यापक होता येत नाही. त्यासाठी त्या विषयात एम.ए. आणि मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करायचं ठरवलं तर हा पाया कामी येईल. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. तो घ्यायला त्याच विषयाची पदवी लागत नाही, पण कॉलेजात मन लावून शिकलेलं तिथे वाया जात नाही.

नातेवाईकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गाइडवर भागवणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि तसंच करायचं असेल तर हा विषय घेऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. तो कुणाचा तरी उतरवून न काढता तिने स्वतः एखाद्या टोळीच्या तळावर जावं, दहा-वीस कुटुंबांशी बोलावं, माहिती एक्सेलमध्ये भरावी. पुढे मुलाखतीत सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीतरी असेल.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात एक चौकशी करा: समाजशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावर काम चाललंय? शिक्षकच नसतील, तर मात्र दुसरं कॉलेज किंवा दुसरा मायनर पाहिलेला बरा.