वेदनेवरचे उपचार ठरवताना डॉक्टर संशोधनाचा आधार घेतात का, हे कसं मोजायचं? प्रश्नावली पुरेल का?

नुसती प्रश्नावली पुरणार नाही. ‘उपचार पुराव्याच्या आधारे ठरवता का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘नेहमी’वर खूण करतात. त्यातून वृत्ती कळते, वागणं नाही.

आधी निर्णय निवडा, तेही पुरावा पक्का आहे असेच. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी सोयीची आहे. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या ‘पेस’ चाचणीत पॅरासिटॅमॉल घेणारे रुग्ण प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. २०२३च्या ‘ओपल’ चाचणीत ओपिऑइडचाही (अफूवर्गातल्या वेदनाशामकाचाही) सहा आठवड्यांनंतर प्लासिबोहून जास्त उपयोग दिसला नाही. जिथे पुरावाच कच्चा आहे (जुनाट वेदनेत असं बरंच आहे), तिथे दोन डॉक्टरांनी दोन वेगळे उपचार दिले तर तो दोष धरता येत नाही. असे निर्णय मोजमापात घेऊच नका.

मग सहा-आठ काल्पनिक केसेस लिहा. उदाहरणार्थ: वय ४५, दहा दिवस कंबर दुखते, ताप नाही, वजन घटलेलं नाही, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा नाही, लघवी-शौचावर ताबा आहे. काय कराल आणि का, हे मोकळ्या जागेत लिहायला सांगा. पर्याय छापू नका. यादीत ‘एमआरआय नको’ दिसलं की न सुचणाऱ्यालाही ते सुचतं. पुढे तीच केस, फक्त क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसल्याची रक्तातली खूण). आता आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देण्याचा विचार बदलायला हवा. उत्तर जसंच्या तसं राहिलं तर मार्गदर्शक सूचना पाठ आहेत, पण समोरच्या रुग्णाला लावता येत नाहीत. माझ्या मते या जोडीतून जेवढं कळतं तेवढं वृत्तीच्या गुणांतून कधीच कळत नाही. वृत्तीची प्रश्नावली द्यायचीच असेल तर केसेसनंतर द्या, नाहीतर डॉक्टर आधीच सावध होतात.

यानंतर खरे केसपेपर. इथे हमखास चूक होते ती छेदात, म्हणजे एकूण कोणते रुग्ण मोजायचे यात. ‘कंबरदुखी’ या निदानाखाली फ्रॅक्चर, कॅन्सर, जंतुसंसर्गाचे रुग्णही येतात. त्यांचा एमआरआय योग्यच असतो, म्हणून ते आधी वगळा. पहिले ३० पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावेत. कप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात याचं सांख्यिकी माप; पूर्ण जुळल्या तर १) ०.६ च्या खाली आला तर तपासणाऱ्यांना बोल लावण्याआधी व्याख्या पुन्हा लिहा.

पेपरवर औषध असतं, कारण सहसा नसतं. मूत्रपिंड अधू म्हणून दिलेलं पॅरासिटॅमॉल आणि सवयीने दिलेलं पॅरासिटॅमॉल कागदावर सारखंच दिसतं. म्हणून त्याच आठवड्यात पाच मिनिटं भेटून विचारा: हेच का, दुसरं काय मनात होतं, ही माहिती कुठून मिळाली? वरिष्ठ, मार्गदर्शक सूचना, औषध कंपनीचा प्रतिनिधी की मूळ शोधनिबंध, हे वेगवेगळं नोंदवा. रुग्णाने स्वतः नकार दिला असेल तर तेही कारण धरा.

आणि नावांऐवजी संकेतांक वापरा, त्यांची यादी विभागप्रमुखांकडे ठेवू नका. मूल्यमापनाचा वास आला की उत्तरं पुस्तकी येतात.