विकणाऱ्याचे कर्ज आणि आपला बयाणा

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळचा एक फ्लॅट आम्ही 52 लाखांना ठरवला आहे. मालकांनी तो 2009 मध्ये कर्ज काढून घेतला असून बँकेचे सुमारे 18 लाख अजून बाकी आहेत, असे ते स्वतःहूनच सांगतात. "20 लाख माझ्या खात्यात भरा, मी कर्ज फेडून मूळ कागद सोडवतो आणि महिनाभरात खरेदीखत करून देतो," असे त्यांचे म्हणणे आहे. माणूस सज्जन आहे. पैसे द्यावेत का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : व्यवहार जरूर करा, पण पैसे त्यांच्या खात्यात भरू नका. येथे प्रश्न त्यांच्या सज्जनपणाचा नाही. ज्याच्यावर कर्ज असते, त्याच्या खात्यात आलेला पैसा जो धनको सर्वांत जास्त तगादा लावतो त्याच्याकडे आधी जातो. पंचवटीतील एका निवृत्त शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी असेच सहा लाख दिले होते. विकणाऱ्या गृहस्थांच्या मागे एका पतसंस्थेची वसुली लागलेली होती. सहा लाख तिकडे गेले आणि घरावरचे बँकेचे कर्ज जसेच्या तसे राहिले. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण म्हणून शिक्षकांचे हेलपाटे चुकले नाहीत.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याच्या कलम 55 मध्ये तुमच्यासाठी स्पष्ट सोय आहे. घर निर्वेध, म्हणजे कोणताही बोजा (कर्ज वा तारण) नसलेले म्हणून विकले जात असेल, तर त्यावरच्या बोजाइतकी रक्कम खरेदीदार किमतीतून राखून ठेवू शकतो आणि ती त्याने थेट धनकोला द्यायची असते. म्हणून मालकांना बँकेकडून ठरावीक तारखेपर्यंतच्या व्याजासह संपूर्ण बाकीचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील कागदांची यादी मागवायला सांगा. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदणीकृत करा, त्यात कर्जखात्याचा क्रमांक व बाकी रक्कम लिहा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यातच भरा. तुम्ही स्वतः गृहकर्ज घेणार असाल, तर हे काम तुमची बँकच जुन्या बँकेच्या नावे धनादेश काढून करते.

आता मला खरी काळजी वाटते ती 2009 या सालाची. मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतल्यास त्याची सूचना दुय्यम निबंधकांकडे दाखल करण्याचे बंधन महाराष्ट्रात 2013 पासून आले, आणि सेरसाई ही तारणांची केंद्रीय नोंदवहीदेखील 2011 मध्ये सुरू झाली. त्यामुळे तुमच्या वकिलांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (दुय्यम निबंधकांकडील नोंदींच्या शोधाचा अहवाल) कोरा आला, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दोन्हीकडे शोध घ्याच; नंतरच्या काळात याच घरावर वाढीव कर्ज किंवा दुसऱ्या संस्थेचे तारण असेल, तर ते तिथे सापडण्याची शक्यता अधिक असते. सोसायटीच्या चिटणीसांना भेटून त्यांच्याकडे कोणाकोणाच्या बोजाची पत्रे आलेली आहेत, हे विचारा. हा मार्ग साधा असूनही बरेच जण तो चुकवतात. इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहताना इतर हक्काचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शिवाय नाशिकच्या दैनिकात वकिलांमार्फत जाहीर नोटीस द्या.

कर्ज फिटल्यावर बँकेत स्वतः जा. लिफाफा उघडला की मूळ करारनाम्यावरचा दस्त क्रमांक इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्त-सूचीच्या उताऱ्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा, नोंदणीची मूळ पावती यादीप्रमाणे आहे का ते बघा आणि शिक्का असलेले पान उलटून मागे दाब किंवा शाई उमटली आहे का हेही पाहा, कारण हल्ली कलर झेरॉक्स फार हुबेहूब निघते. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचे बँकेचे पत्र, हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका, आणि सेरसाईवरील तारणाची नोंद बंद झाल्याची खात्रीही त्याआधीच करून घ्या.

प्रश्न : विकणाऱ्याचे कर्ज आम्ही फेडून दीड महिना झाला, तरी मूळ कागद मिळालेले नाहीत. काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या निर्देशांनुसार, 1 डिसेंबर 2023 पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करणे बँका व गृहवित्त कंपन्यांना बंधनकारक आहे, विलंब त्यांच्यामुळे झाला असेल, तर दर दिवशी 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. ही भरपाई कर्जदाराला, म्हणजे तुमच्या व्यवहारात विकणाऱ्याला मिळते. म्हणून तक्रारीचा अर्ज त्यांच्याच सहीने द्या, त्यासोबत कागद तुमच्या हाती सोपवण्याचे त्यांचे संमतिपत्र जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेची पोच घ्या. पतसंस्थेचे कर्ज असेल, तर मात्र हा नियम लागू होत नाही. तेथे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागेल.