वाचकांचे प्रश्न : ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि बंद पडणारे इंजिन

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीला मी बाहेरून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (अ‍ॅक्सिलरेटर सोडताच टर्बोने दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप) बसवून घेतला. तेव्हापासून आंबा घाटात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी गचके देते आणि साखरप्याला थांबताना इंजिन बंद पडते. व्हॉल्व्ह सदोष असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : व्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वी आपल्या इंजिनात हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे का, ते पाहावे. तो असल्यास, मोजून आत घेतलेली हवा व्हॉल्व्ह बाहेर सोडून देतो, इंजिनाचा संगणक मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल देत राहतो, आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरते. सायलेन्सरमधून काळा धूर येणे ही त्याची खूण. अशा वेळी हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेणारा मूळ पद्धतीचा व्हॉल्व्हच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेन्सर नसल्यास इनटेक मॅनिफोल्डकडून (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाकडून) व्हॉल्व्हकडे येणारी बारीक नळी तडकली आहे का, ते तपासा. व्हॉल्व्हची स्प्रिंग फार सैल असेल, तर इंजिन नुसते चालू असतानाही व्हॉल्व्ह उघडा राहतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हमधला पिस्टन अडकणेही शक्य आहे, म्हणून तो खोलून स्वच्छ करून घ्यावा.